श्रम माझे, बोलणं त्याचं

पत्राचा सारांश

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते. घर ख्रिस्ती, कुटुंब एकत्र: आबा, आई, दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि मुलं. सहा एकर शेती, सातबारा आबांच्या नावावर. मुख्य पीक मिरची, थोडा कापूस. पत्र लिहिणारे थोरले. रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटार चालू करायला उठायचं, फवारणी, खत, मजूर, सगळं त्यांच्या अंगावर. धाकटा भाऊ शेतात फारसा दिसत नाही. तो माल घेऊन नंदुरबारच्या बाजार समितीत जातो, व्यापाऱ्यांशी बोलतो, सोसायटीच्या लोकांत बसतो. ठिबकच्या अनुदानाचे कागद त्यानेच फिरवले, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला तिला सुरतला तोच घेऊन गेला. पण दोन वर्षं तो एकच सांगतो आहे की आपण मिरची पावडरीचा कारखाना काढणार. पाकिटाचं नाव ठरलं, मोबाइलवर चित्रही तयार आहे. बाकी काही नाही. अलीकडे त्याने ‘प्रोजेक्टसाठी’ म्हणून घरातले पैसेही घेतले. चर्चमध्ये प्रार्थना सुंदर करतो, म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात.

एका रविवारी पाळकांनी बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातल्या 14:23 या वचनावर संदेश दिला. सर्व श्रमात लाभ आहे, नुसत्या तोंडच्या बोलण्याने मात्र कंगाली येते, असा त्या वचनाचा आशय. थोरल्यांनी त्याच रात्री ते वचन कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘ज्याने समजायचं त्याने समजावं.’ धाकटा ग्रुपमधून बाहेर पडला. त्याची बायको मोठ्या जावेशी बोलेनाशी झाली. आबा काहीच बोलले नाहीत. आता थोरले विचारतात, “ताई, शास्त्रच सांगतं ना? मग माझं चुकलं काय? लागवड तोंडावर आली आहे. त्याआधी वाटणी मागू का? आबांचा लाडका बोलत बसणार आणि मी मरत राबणार, असं किती दिवस?”

उत्तर

भाऊ, सप्रेम सलाम.

तुमचा थकवा पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे आणि तो खरा आहे. रात्री दोनला वीज येते म्हणून उठणाऱ्या माणसाला सकाळी कोणी ‘झोप झाली का’ असंही विचारत नसेल, तर त्याच्या मनात काय साठत जातं हे मला कळतं. जो राबतो तो दिसत नाही, जो बोलतो तो दिसतो, हे आपल्या घराघरांत चालतं. याबद्दल तुम्हाला राग येणं गैर नाही.

तुम्ही वचनावर बोट ठेवलंय, म्हणून आधी वचनाकडेच येते. नीतिसूत्रांचा हा भाग शेतकऱ्यांच्या देशात जन्मला. तिथे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. तेव्हाच नांगरट आणि पेरणी उरकायची, मग वसंतात आधी जव आणि पाठोपाठ गहू कापायचा. जो थंडी आहे म्हणून नांगर धरत नाही तो सुगीत मागायला येतो आणि त्याला काही मिळत नाही, असं हेच पुस्तक विसाव्या अध्यायात सांगतं. तेव्हा चौदाव्या अध्यायातलं तुमचं तेविसावं वचन हवेत बोललेलं नाही. वेळेवर हात चालला नाही तर घरात दाणा येत नाही, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांचं ते शहाणपण आहे. आपल्याकडे ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ म्हणतात, तेही अशाच अनुभवातून. वचन खरं आहे. तुम्ही ते मानता याचा मला आनंद आहे.

पण तुमचंच पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्यात धाकट्याच्या ‘बोलण्या’ची दोन वेगळी खाती दिसली. तुम्ही ती एकत्र करून टाकली आहेत.

पहिलं खातं बाजाराचं. ओली लाल मिरची तोडली की ती थांबत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नंदुरबारला न्यायची, लिलावात उभं राहायचं, मालात ओल जास्त आहे, देठ जास्त आहेत म्हणून व्यापारी भाव पाडतो तेव्हा हटून बसायचं, तोलाईवर लक्ष ठेवायचं, हिशोबपट्टीत अडत-हमाली बरोबर कापली की नाही ते पाहायचं, पैसे मिळेपर्यंत फेऱ्या मारायच्या. हे काम तोंडाने होतं. घाम येत नाही म्हणून ते श्रम होत नाहीत का? ठिबकचं अनुदान मिळवायचं म्हणजे ऑनलाइन अर्ज, सातबारा, आठ-अ, बिलं, मोजणी, आणि प्रत्येक टेबलावर नम्रपणे पुन्हा पुन्हा उभं राहणं. ज्यांनी हे केलं आहे त्यांना विचारा, दिवसभर कोळपणी केलेली परवडली म्हणतील. तुमच्या शेतात आज ज्या नळ्यांतून पाणी जातं त्या नळ्या धाकट्याच्या बोलण्याने आल्या. आईची दृष्टी परत आली, त्यातही त्याच्या दवाखान्यातल्या फेऱ्या आहेत. नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात सल्लामसलत नसली की बेत फसतात असं म्हटलं आहे. म्हणजे बोलणं हे मुळातच श्रमाच्या विरुद्ध बाजूला बसवता येत नाही.

तुम्ही स्वतः शेवटचे बाजार समितीत कधी गेलात? पत्रात तसा उल्लेख नाही. गेला नसाल तर या हंगामात एकदा धाकट्याबरोबर जा. पहाटे गाडी भरण्यापासून पट्टी हातात येईपर्यंत बरोबर राहा. तपासणी करायला म्हणून जाऊ नका. त्याच्या कामाचा दिवस कसा असतो ते बघायला जा. आणि त्यालाही एक दिवस तुमच्याबरोबर फवारणीचा पंप पाठीवर घेऊ द्या. मिरचीची पानं आकसवणारा चुरडा-मुरडा रोग दिसला की पोटात कसा गोळा येतो, हे बाजारात बसून कळत नाही.

दुसरं खातं कारखान्याचं. इथे मी तुमच्या बाजूची आहे, आणि हे धाकट्यानेही वाचावं असं मला वाटतं. दोन वर्षांत नाव ठरलं, चित्र झालं, गावभर सांगून झालं, आणि यंत्राची किंमतसुद्धा कोणी विचारून आलं नाही. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, जे दान दिलंच नाही त्याची बढाई मारणाऱ्या माणसाला पावसाशिवायचे ढग आणि वारा म्हटलं आहे. ढग भरून येतात, वारा सुटतो, माणसं अंगणातलं वाळवण उचलतात, आणि एक थेंब पडत नाही. आपल्या खानदेशात जून-जुलैत असे ढग किती वेळा पाहिले आहेत आपण! अशा बोलण्याने नुसता वेळ जात नाही, घरच्यांचा विश्वास आटतो. पुढे तो माणूस खरंच काही करायला निघाला तरी कोणी उठून बरोबर येत नाही. आता त्यात घरातले पैसेही गेलेत. ते पैसे कशाला वापरले, याचा हिशोब मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आबांनाही आहे, आणि दोन्ही सुनांनाही आहे.

तेव्हा धाकटा बोलघेवडा आहे की कष्टाळू, या प्रश्नात अडकू नका. एकाच माणसात दोन्ही असतं. त्याचं कोणतं बोलणं काही उभं करून गेलं आणि कोणतं नाही, एवढंच विचारा. तोच प्रश्न तुमच्या बोलण्यालाही लावा. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तुम्ही आधीच दुखावलेले आहात. पण लिहिलं नाही तर मी तुमच्याशी खरेपणाने वागले नाही असं होईल. त्या रात्री ग्रुपवर जे गेलं ते श्रम होते का? त्यातून काय उभं राहिलं? धाकटा गेला, जावा-जावांचं बोलणं बंद झालं, आबा गप्प झाले. वचन देवाचं होतं, खालची ओळ तुमची होती. मला वाटतं, घाव त्या ओळीनेच केला.

नीतिसूत्रांचा चौदावा अध्याय एका बैठकीत पूर्ण वाचा, अशी माझी विनंती आहे. तुम्ही अधोरेखित केलेल्या वचनाच्या दोनच वचनं आधी, एकविसाव्यात, आपल्या शेजाऱ्याला तुच्छ मानणारा पाप करतो असं आहे. पुढे तिसावं वचन हेवा हाडं कुजवतो असं सांगतं. आणि अगदी सुरुवातीला, चौथ्या वचनात, एक गोष्ट आहे जी फक्त शेतकऱ्यालाच पूर्ण कळेल: बैल नसतील तिथे गव्हाण स्वच्छ राहते, पण भरपूर पीक बैलाच्या बळानेच येतं. बैल असला की शेण, मूत, सांडलेला चारा, लाथ हे सगळं आलंच. एकत्र घराचंही तसंच आहे. वाटणी झाली की तुमची बाजू स्वच्छ होईल हे खरं. मग बाजाराला कोण जाईल, सोसायटीचं कर्ज मार्चअखेरीस कोण फिरवेल, याचा विचार केलात का? आणि धाकट्याच्या तीन एकरांवर फवारणी कोण करेल, याचा विचार त्याने केला आहे का?

या पुस्तकाचा सूर कोणाशी बोलतो तेही पाहा. ‘माझ्या मुला’ अशी हाक त्यात पुन्हा पुन्हा येते. बाप लेकाला शिकवतो आहे, आणि शिकणाऱ्याने ते स्वतःच्या अंगाला लावून बघायचं आहे. भावाने भावावर फेकायला ते दिलेलं नाही. भावाचं चुकलं तर काय करावं यासाठी प्रभूने वेगळी वाट सांगितली आहे. मत्तय 18:15: जा, तो आणि तू दोघेच असताना त्याची चूक त्याला दाखव. आधी दोघांत, मग गरज पडली तर एक-दोन जणांना बरोबर घेऊन, आणि त्यानेही भागलं नाही तर मंडळीपुढे. तुम्ही हा क्रम उलटा केलात. सगळ्यांसमोर सुरुवात केली आणि दोघांत बोलणं राहूनच गेलं. दोन वर्षांत तुम्ही त्याला कधी शांतपणे विचारलंत का, की कारखान्याचं काय झालं, कुठे अडलं? पत्रात तरी तसं दिसत नाही. कदाचित तो लाजेने अडला असेल. मोठं बोलून बसलेल्या माणसाला मागे येणं फार जड जातं, आणि मग तो ते झाकायला आणखी मोठं बोलतो.

आणखी एक गोष्ट मला टोचली. तुमच्या पत्रात तो शेवटी ‘आबांचा लाडका’ झाला आहे, ‘माझा भाऊ’ राहिलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा आठवा. त्याचा धाकटा भाऊ आपला वाटा उधळून घरी परतला होता. तोही शेतातून दमून येत होता. घरातून वाद्यांचा आवाज ऐकला आणि दाराशीच थांबला. बापाला म्हणाला, इतकी वर्षं मी तुझी चाकरी केली, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस, आणि ‘हा तुझा मुलगा’ आल्याबरोबर मेजवानी. त्याची तक्रार खोटी नव्हती. त्याने खरंच राबून काढलं होतं. बाप त्याला खोटं पाडत नाही, स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि म्हणतो, जे माझं ते सर्व तुझंच आहे. त्या घरातल्या कष्टाळू मुलाला कष्टाने थकवलं नव्हतं, कोणी पाहत नाही या समजुतीने थकवलं होतं. मला वाटतं तुमचंही तेच झालं आहे. वाटणीआधी तुम्हाला आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे की तुझ्यामुळे ही शेती उभी आहे. मग ते आबांना सांगा. ‘आबा, मी थकलोय. माझं काम तुम्हाला दिसतं का?’ एवढं बोलायला मोठ्या मुलाला लाज वाटते, ठाऊक आहे. तरी बोला. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्ही मनात लावला आहे, त्यांनी सांगितलेला नाही.

पत्रात जे राहून गेलं त्याबद्दलही लिहायला हवं. तुमच्या पत्नीचा उल्लेख फक्त जाऊ बोलत नाही एवढ्यापुरता आला आहे. मिरचीची तोडणी कोण करतं, भाऊ? हात भाजेपर्यंत, डोळे चुरचुरेपर्यंत तोडणी बायकांच्या हातांनी होते. त्यावर घरचा स्वयंपाक, गुरं, मुलं, सासूच्या डोळ्यांत औषध. नीतिसूत्रांचं अखेरचं वचन, एकतिसाव्या अध्यायाचं एकतिसावं, कर्तबगार स्त्रीबद्दल म्हणतं की तिच्या हातांचं फळ तिला द्या, तिची कामंच वेशीत तिची स्तुती करोत. श्रमाला मान द्यायचा म्हणून तुम्ही भांडता आहात, तर तो मान आधी आपल्या चुलीपासून सुरू व्हायला हवा. दोघी जावांच्या कामाची दखल दोघा भावांनी घेतली, तर त्यांचं आपसातलं बोलणं सुरू व्हायला वेळ लागणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आता काय करायचं ते. आधी त्या ग्रुपचं. मेसेज पुसून उपयोग नाही, सगळ्यांनी वाचला आहे. धाकट्याकडे स्वतः जा. घरात नको, बांधावर किंवा गाडीत बसून. म्हणा, ‘तुझ्यावर मला राग होता, तो मी तुला सांगायला हवा होता. सगळ्यांसमोर टाकायला नको होता.’ पुढे ‘पण तूसुद्धा’ असं जोडू नका, तो विषय दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. मग तो ग्रुपमध्ये परत यायला तयार असेल तर तुम्हीच त्याला घ्या आणि तिथेही दोन ओळी लिहा, कारण जे सगळ्यांसमोर बिघडलं ते सगळ्यांसमोर नीट व्हावं.

मग एक वही. लागवडीच्या आत एका संध्याकाळी सगळे बसा: आबा, आई, दोघे भाऊ, दोघी सुना. मुलांनाही बसू द्या. नांगरट, रोपं, लागवड, खत, फवारणी, पाणी, तोडणी, मजुरांची जमवाजमव, वाहतूक, लिलाव, सोसायटी, बँक, तलाठी, दवाखाना, शाळा, स्वयंपाक, गुरं, सगळी कामं लिहा आणि प्रत्येकासमोर जो करतो त्याचं नाव. वाद घालू नका, फक्त लिहा. बऱ्याच घरांत या वहीपाशीच निम्मं भांडण विरतं, कारण प्रत्येकाला पहिल्यांदा दुसऱ्याची यादी दिसते. त्याच वहीत पैशांचं पान करा. प्रत्येक हिशोबपट्टी त्यात चिकटवा, खर्च लिहा, ‘प्रोजेक्टसाठी’ घेतलेली रक्कम आणि ती कुठे आहे तेही. पट्ट्या सगळ्यांना दिसू लागल्या की धाकट्यावरचा संशयही जाईल, आणि त्याच्यावर हिशोब द्यायची जबाबदारीही येईल.

कारखान्याच्या बाबतीत त्याचं स्वप्न मोडू नका, ते लहान करून त्याच्या हातात द्या. नीतिसूत्रे 24:27 मध्ये क्रम सांगितला आहे: आधी बाहेरचं काम उरक, शेत तयार कर, मग घर बांध. म्हणजे आधी माल, मग यंत्र, मग पाकीट. ऑक्टोबरपासून लाल मिरची सुरू होईल, तेव्हा पहिली एक क्विंटल त्याला वेगळी काढून द्या. ती त्याने स्वतः, स्वतःच्या हातांनी, ताडपत्रीवर वाळवायची, कारण उघड्या मातीवर वाळवली की बुरशीचा धोका वाढतो. अवकाळी आला तर रात्री उठून झाकायची, देठ खुडायचे, गिरणीत दळून आणायची. ओल्या मिरचीच्या वजनाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच वाळून उरतो. हे कागदावर माहीत असणं आणि स्वतःच्या ताडपत्रीवर पाहणं यांत फार अंतर आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी काढायची, आणि सुरतला उधना-लिंबायतला आपली जी माणसं आहेत त्यांना ती पावडर विकून दाखवायची. त्याचं बोलणं गोड आहे ना? ते इथे कामाला येईल. किलोमागे किती पडले, किती मिळाले, तो आकडा वहीत लिहायचा.

त्याच काळात त्याने एक कार्यालयीन कामही करावं. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, कर्जाला जोडलेलं अनुदान ठेवलेलं होतं आणि किमान 10 टक्के रक्कम स्वतःची लागत होती. सध्या अर्ज घेतात का, कोणत्या यंत्रांना मिळतं, हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारून, यंत्राचं दरपत्रक घेऊन, त्याने एका ठरलेल्या तारखेला घरच्यांसमोर ठेवावं. तारीख वहीत लिहा. तोपर्यंत गावात, चर्चमध्ये, पाहुण्यांत कारखान्याबद्दल एक शब्दही कोणी बोलायचा नाही, धाकट्यानेही नाही आणि टोमणा म्हणून तुम्हीही नाही. आणि तोपर्यंत घरातला एक रुपयाही त्यात जायचा नाही.

वाटणीबद्दल: सातबारा आबांच्या नावावर आहे, त्यामुळे हा निर्णय तुमच्या हातात नाही, त्यांच्या हातात आहे. लागवडीच्या तोंडावर ही मागणी घालाल तर रोपं वाफ्यातच राहतील आणि सगळ्यांचंच वर्ष जाईल. आत्ता वाटणी मागू नका. एक हंगाम वही चालवा. फेब्रुवारीत तोडणी संपत आली की बसून पाहा. तरीही जमत नसेल, तर मधला मार्ग आहे: जमीन एकच ठेवून तीन-तीन एकरांचं काम आणि हिशोब वेगळा करा, चुलीही वेगळ्या करा, बैल, गाडी, मोटार सामाईक ठेवा. वेगळं होणं हे पाप नाही. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडणं होऊ लागली तेव्हा अब्राहामाने वेगळं होण्याची गोष्ट स्वतः काढली, आणि हवी ती बाजू आधी निवडायला पुतण्याला सांगितलं. तितक्या मोकळ्या हाताने वेगळं होता येईल त्या दिवशी वेगळे व्हा.

तुमच्यासारखी पत्रं मला इतरांकडूनही येतात. कुठे नवरा पारावर बसून राजकारण सांगतो आणि बायको शिलाई मशीनवर घर ओढते, कुठे सुरतहून आलेला भाऊ सल्ले देतो आणि गावचा भाऊ शेण काढतो. त्या सर्वांनाही वही आणि तारीख हेच सांगेन. पण याच वचनाचा एक वाईट वापर होतो, त्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ‘श्रमात लाभ आहे’ असं म्हणत काही जण गरिबाला आळशी ठरवतात. आपल्याच जिल्ह्यातली कुटुंबं दरवर्षी पोरंबाळं घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात, आणि कित्येक जण आगाऊ घेतलेली उचल फेडूनच परत येतात. त्यांच्या श्रमाचा लाभ कुठे गेला? नीतिसूत्रे हे जाणतात. तुमच्या वचनाच्या आधीच्याच अध्यायात, 13:23 मध्ये, गरिबाच्या शेतात पुष्कळ अन्न पिकतं, पण अन्यायाने ते हिरावून नेलं जातं, असं लिहिलं आहे. एक वचन घरच्या भिंतीवर लावणाऱ्याने दुसरंही लावावं. तुमच्या शेतात तोडणीला येणाऱ्या बायांची मजुरी बाजारातून पट्टी येण्याची वाट न पाहता आठवड्याच्या आठवड्याला दिली जाते का, हेही त्या वहीत लिहा.

मध्यस्थ लागला तर पाळकांना बोलवा, मात्र आधी त्यांना सांगा की संदेश नको, दोघांचं ऐकून घ्यायला या. धाकट्याची प्रार्थना सुंदर असते म्हणून त्याचं कौतुक होतं, ते होऊ द्या. पुढच्या घरच्या प्रार्थनेत मात्र आबांना विनंती करा की प्रार्थना तुम्ही करावी. शब्द जुळले नाहीत तरी चालेल. रोपांसाठी, पावसासाठी, तोडणीच्या बायांसाठी, धाकट्याचं नाव घेऊन धाकट्यासाठी.